ऑस्ट्रियाचा हिवाळा: बाजार हवा की बर्फ, ते आधी ठरवा

ऑस्ट्रियाच्या हिवाळी सहलीचे बेत बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. डोक्यात चित्र असतं ते असं: दिव्यांनी उजळलेला नाताळबाजार, मागे चर्चचे मनोरे आणि सगळ्यावर हातभर बर्फ. हे तिन्ही एकाच दिवशी, एकाच जागी मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग. बाजार नोव्हेंबरच्या मध्याला भरतात आणि बरेचसे २३-२४ डिसेंबरला, काही २६ला आवरतात. दरीतल्या गावांत भरवशाचा बर्फ मात्र जानेवारी-फेब्रुवारीत. व्हिएन्ना समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेदोनशे मीटरवर, साल्झबुर्ग सव्वाचारशेच्या आसपास. डोंगरांच्या कुशीतलं इन्सब्रुकही ५७४ मीटरवरच आहे. १९६४च्या हिवाळी ऑलिम्पिकला तिथे बर्फ इतका कमी पडला, की लष्कराने उंचावरून बर्फाच्या लाद्या आणि हजारो घनमीटर हिम वाहून आणून उतार तयार केले. तेव्हा शहरात बर्फ दिसला तर बोनस समजा. तो हिशेबात धरू नका.

म्हणून तिकिटांआधी तारखा.

१ ते २० डिसेंबर हा बाजारवाल्यांचा काळ. बर्फ हवाच असेल तर हिमनदी गाठायची: इन्सब्रुकजवळची श्टुबाई किंवा त्सेल आम झे या गावाजवळचं किट्सश्टाइनहॉर्न. दोन्हीकडे केबलकार ३,००० मीटरपर्यंत नेते आणि डिसेंबरात बर्फ असतोच. एक मेख मात्र आहे. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीला बऱ्याच केबलकार वार्षिक देखभालीसाठी बंद असतात, साल्झबुर्गजवळची उंटर्सबेर्गही त्यातच येते. हॉटेल ठरवण्याआधी त्या-त्या केबलकारच्या संकेतस्थळावर चालू असल्याच्या तारखा बघा.

२५ डिसेंबर ते ६ जानेवारी हा सर्वांत महागडा आणि आपल्याकडून सर्वाधिक निवडला जाणारा काळ, कारण शाळांना सुट्टी. २४ला दुकानं दुपारीच बंद होतात आणि संध्याकाळी बहुतेक उपाहारगृहंही. २५, २६ डिसेंबर, १ आणि ६ जानेवारी सार्वजनिक सुट्ट्या. २४च्या रात्रीचं जेवण कुठे, हे आधी ठरलेलं नसेल तर खोलीत ब्रेड-बटर खावं लागतं. स्कीच्या गावांत या काळात शनिवार ते शनिवार अशीच खोली देणारी हॉटेलंही भरपूर आहेत.

७ जानेवारी ते महिनाअखेर हा खरा सोन्यासारखा काळ. बर्फ भरलेला, गर्दी ओसरलेली, दर उतरलेले. व्हिएन्नात बॉल-नृत्यांचा मोसम आणि महिन्याच्या उत्तरार्धापासून राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या पटांगणात बर्फावरचं स्केटिंग. बाजार मात्र नसतात. फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या शाळांना राज्याराज्यांनुसार एकेक आठवडा सुट्टी असते, तेव्हा उतार पुन्हा गजबजतात. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा डोळे मिटून घ्यावा.

आता मार्ग. नऊ-दहा रात्रींसाठी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं सोयीचं: व्हिएन्ना ३, साल्झबुर्ग २, डोंगरात ४, आणि परतीचं विमान म्युनिकहून. व्हिएन्नाला परत येणं म्हणजे इन्सब्रुकहून सव्वाचार तास उलटा प्रवास. म्युनिक दोन तासांच्या आत. जाताना एक शहर, येताना दुसरं असं तिकीट एकत्रच काढलं तर सहसा फार महाग पडत नाही. शहरं आधी ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे वेळेतला फरक. हिवाळ्यात भारत ऑस्ट्रियाच्या साडेचार तास पुढे असतो. पहिले दोन दिवस पहाटे चारला जाग येते आणि संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात. अशा अवस्थेत संग्रहालय चालतं, बर्फातला उतार नाही.

रेल्वे हा या सहलीचा कणा. व्हिएन्ना ते साल्झबुर्ग सुमारे अडीच तास, साल्झबुर्ग ते त्सेल आम झे दीड, साल्झबुर्ग ते इन्सब्रुक पावणेदोन ते दोन तास. सरकारी रेल्वे कंपनी ओएबीबीची 'श्पारशीने' तिकिटं लवकर काढली तर निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात, पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की तिकीट वाया. त्यामुळे विमान उतरतं त्या दिवशी अशी तिकिटं काढू नका. ओएबीबीच्या रेलजेट गाड्या व्हिएन्नात हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकावरून सुटतात, तर खासगी वेस्टबानच्या साल्झबुर्गकडच्या गाड्या प्रामुख्याने वेस्टबानहोफवरून. एकाची स्वस्त तिकिटं दुसऱ्याला चालत नाहीत. आसनाचं आरक्षण तिकिटापासून वेगळं असतं. शुक्रवार-शनिवारी ते घ्याच, नाहीतर बॅगा दारात आणि आपण त्यांच्यावर. साल्झबुर्ग-इन्सब्रुक गाडी मध्ये जर्मनीतून जाते, म्हणून पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा.

गाडी भाड्याने घ्यायचा मोह डोंगरी रस्ते बघून होतो. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ-चिखल असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे असतात, महामार्गाला विन्येट (टोलचं स्टिकर) लागतं, ब्रेनरसारख्या काही टप्प्यांचा टोल वेगळा. शिवाय आपल्याकडच्या चालकाला बर्फावर ब्रेक लावायची सवय नसते. या मार्गावर तरी गाडीची गरज नाही.

दिवस किती छोटा असतो याचा अंदाज इथे बसून येत नाही. डिसेंबरअखेर व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि चारला मावळतो. शहरांत त्याने बिघडत नाही: उजेडात बाहेरचं पाहायचं, साडेतीननंतर संग्रहालयं आणि कॅफे. व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय हिवाळ्यात सहसा सोमवारी बंद असतं, शोनब्रुन राजवाडा रोज उघडा. डोंगरात मात्र खालची शेवटची केबलकार साधारण चार-साडेचारची. हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाचीही हीच गोष्ट. उंच डोंगरांच्या सावलीत असल्याने हिवाळ्यात तिथे ऊन मोजकेच तास पोहोचतं. रेल्वेने गेलात तर स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे आणि होडी गाड्यांच्या वेळेप्रमाणेच सुटते. साल्झबुर्गहून दुपारी निघून 'पटकन बघून येऊ' म्हणणारे अंधारात पोहोचतात. सकाळी लवकर निघायचं, नाहीतर सरळ वगळायचं.

डोंगरातला मुक्काम कुठे? इन्सब्रुक आणि त्सेल आम झे हे दोन पर्याय सरळ आहेत. इन्सब्रुकला शहर आणि डोंगर एकत्र मिळतात: काँग्रेस नावाच्या स्थानकातून वास्तुविशारद झाहा हदीदने आखलेली हुंगरबुर्गबान ही डोंगररेल्वे पकडायची, पुढे केबलकारने १,९०५ मीटरवर झेग्रुबे, मग शेवटचं स्थानक हाफेलेकार. शहराच्या मध्यातून २,२५० मीटरच्या वर जायला अर्धा तास पुरतो. त्सेल आम झे हे तळ्याकाठचं छोटं गाव; स्टेशन गावातच, मागे श्मिटनहोहे डोंगर, जवळ किट्सश्टाइनहॉर्न. मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्सेल बरं; खाण्याचे पर्याय आणि पावसाळी दिवसाची सोय हवी तर इन्सब्रुक.

मात्र कुठेही राहा, तीन पूर्ण दिवस तरी ठेवा आणि कुठल्या दिवशी वर जायचं ते आधी ठरवू नका. इन्सब्रुकला फोन नावाचा कोरडा, उबदार दक्षिणवारा सुटतो. तो आला की खाली शर्टावर फिरता येतं, पण वर वाऱ्यामुळे केबलकार बंद. उलट, शहरावर करड्या ढगाचं झाकण बसलेलं असताना वर लख्ख ऊन असू शकतं, कारण हिवाळ्यात थंड हवा दरीत साचून राहते आणि ढग तिच्यावर थर धरतो. खिडकीतून आभाळ बघून बेत रद्द करू नका. सकाळी वेबकॅम बघा; ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक टीव्हीवरही सकाळी डोंगरमाथ्यांची थेट दृश्यं दाखवतात. न्याहारी करता करता निर्णय होतो.

वर गेल्यावर करायचं काय? स्की एका दिवसात येत नाही. मोठ्या ठिकाणी नुसता दिवसाचा लिफ्ट पास ७० युरोंच्या वर जातो. त्यावर साहित्याचं भाडं आणि शिकवणी. नवशिक्याला पहिले दोन दिवस मोठ्या पासची गरजच नसते, खालच्या सरावाच्या उतारावर भागतं. तेव्हा एकतर सलग तीन दिवस शिकवणी लावा, नाहीतर स्कीचा नाद सोडा. भाड्याचे बूट घेताना एकच पातळ, लांब मोजा घाला. दोन जाड मोजे घातले की रक्तप्रवाह अडतो आणि पाय जास्त गारठतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत. दुकानदार वजन विचारतो ते खरं सांगा. पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटावी, हे त्यावरून ठरतं. इथे चार किलो लपवले तर स्की नको तेव्हा सुटते आणि ते महागात पडतं.

आपल्याकडच्या बहुतेकांना जास्त मजा येते ती 'रोडेल'मध्ये, म्हणजे लाकडी घसरगाडीत. वर लिफ्टने किंवा चालत जायचं, घसरत खाली यायचं. मागे रेलून बसा, थांबायला दोन्ही पायांचे तळवे सपाट टेका, डावीकडे वळायला डावा पाय हलका टेकवून डावी दोरी ओढा. टाच रोवली की बर्फाचा फवारा थेट तोंडावर. हेल्मेट घ्याच. ब्रामबेर्ग इथली वील्डकोगलची वाट १४ किलोमीटरची असून रात्री दिवे असतात, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने दोन-तीन किलोमीटरच्या वाटेवर हात साफ करून घ्यावा. काहीच घसरायचं नसेल तर 'विंटरवांडरवेग' अशी पाटी बघा: बर्फ दाबून तयार केलेल्या चालण्याच्या वाटा. त्या सोडून मोकळ्या उतारावर फोटोसाठी जाऊ नका, हिमकडे कोसळतात ते तिथेच.

मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतात, ही अडचणच आहे. भुसभुशीत बर्फावर पडलं तर हसू येतं. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर पडलं तर मनगट मोडतं. म्हणून खर्च करायचाच तर बुटांवर करा: पाणी न शिरणारे, घोट्याच्या वर, खोल खाचांचे, जाड मोज्यासाठी अर्धा नंबर मोठे. अंगालगत सुती बनियन नको. घामाने ओला झाला की वाळत नाही आणि थंडी आत शिरते. लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. आत सगळीकडे हीटर असल्यामुळे एकच जाडजूड स्वेटर त्रासदायक होतो. उंची दर हजार मीटरला साधारण सहा अंश खाते. गावात शून्य असेल तर हिमनदीवर उणे पंधराच्या आसपास, वारा वेगळाच. काळा चष्मा आणि सनस्क्रीन हवंच. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सूपमध्ये चीजचा गोळा दिसला तरी खालचं पाणी बहुधा गोमांसाचं असतं. केझेश्पेट्सले हा चीज-कांद्याचा पदार्थ पोटभर होतो, पण त्यात अंडं असतं, तसंच काइझरश्मार्न या गोड पॅनकेकमध्येही. बाजारात भाजलेले चेस्टनट, बटाट्याचे कार्टोफेलपुफर आणि भटुऱ्याचा चुलतभाऊ शोभेल असा लसूण लावलेला लांगोश मिळतो. गरम पेयाच्या मगाची अनामत वेगळी घेतात, मग परत करून ती मागून घ्या. घरून चिवडा, थेपले, मेतकूट न्या. पेढे, तूप, पनीर नको, बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. रविवारी दुकानं बंद असतात, अपवाद मोठ्या स्टेशनांतल्या सुपरमार्केटांचा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. किमान १५ दिवसांची अट असली तरी डिसेंबरसाठी सप्टेंबरातच अपॉइंटमेंट गाठा. प्रौढांचं शुल्क ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. सर्वाधिक रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज. म्युनिकला एक रात्र राहिलात तरी अर्ज ऑस्ट्रियाकडेच. ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे, पण स्वस्त पॉलिसींतून हिवाळी खेळ बरेचदा वगळलेले असतात. उतारावर पाय मोडून हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल हजारो युरोंचं येतं आणि ते रुग्णाकडूनच वसूल होतं. रोडेलचा उल्लेख पॉलिसीत आहे का, तेही बघून घ्या.

एकाच दुकानातून ७५ युरोंच्या वर खरेदी केलीत तर करपरताव्याचा फॉर्म मागा. शिक्का युरोपीय संघ सोडताना, म्हणजे या मार्गावर म्युनिकला मिळतो. सामान बॅगेत असेल तर ती बॅग विमान कंपनीच्या ताब्यात जाण्याआधी कस्टम्सला दाखवावी लागते, म्हणून विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.