ट्युबाचा दमसास आणि चार पाकिटं

निवडीच्या दिवशी सकाळी साडेनऊला टेबलावर चार पाकिटं होती. वर नावं नाहीत, नुसती अक्षरं: अ, ब, क, ड. आमच्या ऑर्केस्ट्राला ट्युबासाठी, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या सर्वात खर्जाच्या पितळी फुंकवाद्यासाठी, नवा कॉन्सर्टो (एक एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) लिहून घ्यायचा होता आणि तो कुणाकडून, हे संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. मी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या ऑर्केस्ट्रात लायब्ररियन आहे. स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आणि पार्ट्स (प्रत्येक वादकाची वेगळी प्रत) माझ्या ताब्यात असतात, म्हणून समितीत माझी खुर्ची. बाकीचे चौघे म्हणजे कंडक्टर, कार्यक्रमांचे व्यवस्थापक, डबल बासचा (सर्वात मोठ्या, खर्जाच्या तंतुवाद्याचा) मुख्य वादक आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती आमची ट्युबावादक.

या वाद्याचं पेटंट बर्लिनमध्ये १८३५ साली घेतलं गेलं. पण इंग्रज रचनाकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांचा ट्युबा कॉन्सर्टो यायला १९५४ साल उजाडलं. तो लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवासाठी होता आणि वाजवला त्यांच्याच फिलिप कॅटलिनेट यांनी. जॉन विल्यम्स यांचा १९८५ चा कॉन्सर्टो बॉस्टन पॉप्सच्या चेस्टर श्मिट्झ यांच्यासाठी, विन्टन मार्सालिस यांचा २०२१ चा फिलाडेल्फियाच्या कॅरोल जान्श यांच्यासाठी. रचनाकारासमोर एक ठरावीक माणूस आणि त्याचं ठरावीक वाद्य असतं. त्यामुळे निवडताना संगीत आवडलं की नाही एवढ्यावर भागत नाही. हा रचनाकार त्या वादकाचं ऐकून घेईल का, हेही बघावं लागतं. मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकीर हुसेन यांच्याकडून तबल्याचा कॉन्सर्टो लिहून घेतला, २०१५ मध्ये तो वाजलाही. तिथे लिहिणारा आणि वाजवणारा एकच असल्याने हा प्रश्नच आला नाही. आमचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं.

सुरुवातीला चाळीसेक रचनाकारांची नावं होती. ट्युबासाठी आधी काही लिहिलंय का, ही अट लावली असती तर यादी तिथेच संपली असती. म्हणून प्रत्येकाचे दोन स्कोअर मागवून एकच गोष्ट तपासली: एकल वाद्य खालच्या सप्तकात असताना हा माणूस बाकीच्या ऑर्केस्ट्राचं काय करतो? ते वाद्य बासून (bassoon, खर्जाचं लाकडी फुंकवाद्य), सेलो वा व्हायोला, कुठलंही चाललं. शिवाय दुसऱ्या ऑर्केस्ट्रांच्या लायब्ररियनना फोन केले. पार्ट्स वेळेवर आले होते का, पहिल्या तालमीत किती चुका निघाल्या, दुरुस्तीची पानं कोणी छापली? रेकॉर्डिंग ऐकून जे कळत नाही ते या फोनवर दहा मिनिटांत कळतं. दोन बड्या नावांना तिथेच रामराम केला.

उरलेल्या चौघांना मानधन देऊन दोन मिनिटांचा तुकडा लिहायला सांगितला. ट्युबा आणि पियानोसाठी एक प्रत, एक पान पूर्ण वाद्यमेळाचं आणि संगणकावर केलेला नमुना. फुकट नमुना मागू नये. मागितला तर घाईत लिहिलेलाच मिळतो. वाद्य एफ ट्युबा, हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतं (एफ, सी ही पाश्चात्त्य स्वरांची नावं, त्यावरून ट्युबाचे प्रकार ओळखतात). ऑर्केस्ट्रात आमची ट्युबावादक बहुतेक वेळा सी ट्युबा वाजवते, पण एकल वादनाला एफ सोपा जातो. त्याची नळी साधारण बारा फुटांची, सीची सोळा. वरचे सूर नेमके लागतात. मात्र बऱ्याच एफ ट्युबांमध्ये खालचा सी आणि त्याच्या शेजारचे सूर डळमळीत असतात, आणि तिथे जोरकस सुरावट लिहिली की वादक घामाघूम होतो.

आम्ही आधी संगणकाचे नमुने ऐकले, आणि ही आमची चूक होती. सगळ्यांनी मनातल्या मनात ब ला पहिला नंबर देऊन टाकला. दणदणीत, रंगीत, शेवटी अंगावर काटा. ड त्यापुढे अगदी फिका वाटला. संगणकातला ट्युबा श्वास घेत नाही आणि बाकीची वाद्यं त्याच्यावर चढली तर बटण सरकवून त्याला वर आणता येतं, हे पाचही जणांना पुरतं ठाऊक होतं. तरी फसलो.

अकरा वाजता पियानोवादक आली आणि तुकडे प्रत्यक्ष वाजायला लागले. ब च्या नवव्या बारपासून (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) विसाव्या बारपर्यंत खर्जात, जोरात, एकसंध ओळ होती. चार ठोक्यांचे बारा बार, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे चाळीस सेकंद. दहाव्या बारच्या मध्यावर आमची ट्युबावादक थांबली. काही न बोलता घड्याळ लावून तिने दाखवलं: खर्जात पूर्ण जोराने फुंकलं तर एक दम चारेक सेकंद पुरतो, मधल्या सप्तकात हळू वाजवलं तर पंधराच्या पुढे जातो. आपल्याकडे गवयाचा दमसास म्हणतात तो इथे अक्षरशः लिटरमध्ये मोजायचा असतो. आवाज वाढवायचा तर श्वासाच्या जागाही वाढवाव्या लागतात.

कंडक्टर म्हणाले, "श्वासाच्या जागा घालून घेऊ. हे काय, अर्ध्या तासाचं काम."

ते खरंच होतं. मोडता घातला तो डबल बासवाल्याने. त्याने ब चं वाद्यमेळाचं पान पुढे सरकवलं. त्याच बारा बारांत डबल बास, दोन बासून आणि बास ट्रॉम्बोन, सगळे ट्युबाच्याच सप्तकात. ट्युबाचं तोंड छताकडे, स्वराची सुरुवात मऊ. त्या गर्दीत तो ऐकूच येणार नाही. मी कपाटातून व्हॉन विल्यम्सचा स्कोअर आणला होता तो उघडला. दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, बास ट्रॉम्बोन नाही, ऑर्केस्ट्रात दुसरा ट्युबा नाही. श्वास नंतर घालता येतो, पण असं दाटलेलं लेखन उपसायचं म्हणजे नवीनच लिहावं लागतं.

ड वाजला तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. ट्युबा सेलोच्या वरच्या पट्टीत गात होता, सेलो गप्प, खाली फक्त डबल बास बोटाने छेडलेले, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वासापुरती जागा. चूक तिथेही होती. म्यूट (आवाज दाबणारं बूच) बसवायला तीन ठोके दिले होते. ट्युबाचा म्यूट दोन फुटांच्या आसपास उंच, जमिनीवरून उचलून भोंग्यात बसवायला आठ-दहा सेकंद लागतात. पण ही चूक एका रेघेत सुटणारी.

दुपारी चौघांनाही फोन करून एकच प्रश्न विचारला: वादक म्हणाली की हा बार वाजत नाही, तर काय कराल? ब चं उत्तर होतं की सरावाने वाजतो. अ ने पर्यायी सूर लिहून देईन असं सांगितलं, ते रास्त होतं. क ला प्रश्न आवडला नाही. ड ने उलट विचारलं की तिच्या ट्युबाला व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) पाच की सहा, आणि सभागृहात ती वाजवताना शेवटच्या रांगेत बसून ऐकता येईल का.

मतं पडली तीन विरुद्ध दोन, ड च्या बाजूने. कंडक्टर शेवटपर्यंत ब च्या बाजूने होते आणि ते चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. ब च्या सुरावटी जास्त लक्षात राहणाऱ्या होत्या.

करार त्याच संध्याकाळी लिहायला घेतला. मानधनाचे तीन हप्ते: सहीला, पियानोची प्रत आल्यावर आणि पार्ट्स हातात आल्यावर. शेवटचा हप्ता पार्ट्सना बांधला नाही तर स्कोअर येतो आणि पार्ट्स तालमीच्या आदल्या आठवड्यापर्यंत रखडतात. एकल पार्ट पहिल्या प्रयोगाआधी सहा महिने, ऑर्केस्ट्राचे पार्ट्स निदान दोन महिने. पार्ट्सवर सूर लिहायच्या पाच रेघांची उंची आठ मिलिमीटरच्या आसपास, पान उलटायला विश्रांतीची जागा. हक्क रचनाकाराकडेच, आम्हाला पहिला प्रयोग आणि वर्षभर फक्त भागीदार ऑर्केस्ट्रांनी वाजवायची मुभा. एवढा खर्च एकट्याला झेपत नसल्याने आम्ही सात जण वर्गणी काढून होतो, त्यात तीन विद्यापीठांचे वाद्यवृंद.

दुसऱ्या दिवशी ड चं, म्हणजे आता नावानिशी, पत्र आलं. हार्प हवी होती. विद्यापीठांपैकी दोघांकडे हार्पवादक नाही. मी उत्तर पाठवलं: हार्प लिहा, पण त्यातले महत्त्वाचे सूर पियानोच्या पार्टमध्ये छोट्या अक्षरात छापा, आणि कॉन्सर्टोत पियानो आधीपासून नसेल तर ते सूर कुठल्या वाद्याला द्यायचे तेही कळवा.