बोट सावकाश डोलू लागली, तर

पालघर येथून ३० ऑगस्ट २०२४ रोजी देशभरातील एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचे ठिकाण कळवणारे यंत्र, बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. संकटात सापडलेली बोट नेमकी कुठे आहे, हे त्यामुळे किनाऱ्याला कळेल आणि ते मोलाचेच आहे. पण बोट उलटण्याच्या बेतात आहे, हे तिच्यावरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, त्यातून कळणार नाही.

बंदरातून निघताना डिझेल आणि बर्फाचे वजन तळाशी असते. पुढे टाक्या रित्या होत जातात, ओले जाळे डेकवर येते, मासळीचा ढीगही तिथेच पडतो आणि गुरुत्वमध्य हळूहळू वर सरकतो, तशी बोटीची सावरण्याची ताकद कमी होते. अलास्कात यात आणखी एका वजनाची भर पडते, ती म्हणजे उडालेल्या तुषारांचे डेकवरच्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर गोठलेले बर्फ. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘डेस्टिनेशन’ ही बोट अशाच बर्फाच्या भाराने सहा जणांसह बुडाली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ‘स्कॅन्डीज रोझ’ बुडाली आणि सातपैकी पाच जण गेले. त्या बोटीवरील स्थिरतेच्या सूचनाच, म्हणजे किती भार सुरक्षित हे सांगणारा कागदच, चुकीच्या होत्या, असे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. आपल्याकडे तर कितीतरी बोटी आराखड्याविना, कारागिराच्या अनुभवावर बांधल्या जातात, त्यामुळे असा कागदच नसतो, मग तो चूक असण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

म्हणूनच बोटीचे डोलणे सतत मोजणारे उपकरण मला महत्त्वाचे वाटते. मोबाइलमध्ये असतो तशा संवेदकाने एका हेलकाव्याला, म्हणजे एका बाजूकडून दुसरीकडे झुकून परत येण्याला, लागणारा वेळ मोजता येतो. बोटीच्या रुंदीच्या साधारण ०.८ पटीला त्या सेकंदांनी भागून वर्ग केला, की मेटासेंट्रिक उंची, म्हणजे बोटीच्या सावरण्याच्या ताकदीचे प्राथमिक माप, अंदाजे मीटरमध्ये मिळते. पाच मीटर रुंद बोटीला एका हेलकाव्यास पाच सेकंद लागत असतील तर ते ०.६४ भरते आणि आठ सेकंद लागू लागले तर ०.२५ वर येते. चोवीस मीटर व त्याहून लांब, एकच डेक असलेल्या बोटींसाठी आंतरराष्ट्रीय निकष किमान ०.३५ चा आहे. गंमत अशी, की झटके देत डोलणारी बोट खलाशांना नकोशी वाटते आणि संथ डोलणारी सुखाची, प्रत्यक्षात धोका मात्र त्या सुखातच वाढत असतो.

या मोजमापाला मर्यादा आहेत. मागून येणाऱ्या लाटांत बोटीचा स्वतःचा हेलकावा लाटांच्या लयीत झाकला जातो, आणि उघड्या झाकणातून पाणी खणात शिरले तर आधीचे गणित कामाचे राहत नाही. उपकरण विनाकारण ओरडू लागले, तर कोणताही तांडेल त्याची वायर काढून टाकेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये लहान बोटींसाठी वापरली जाणारी वुल्फसन खूण याच्या जोडीला असावी, असे माझे मत आहे. बोटीच्या बाजूवरची ती खूण पाण्यापासून किती वर आहे हे पाहायचे आणि केबिनमधल्या हिरव्या-पिवळ्या-लाल तक्त्याशी ताडायचे. त्यासाठी ना वीज लागते, ना दुरुस्ती.