केस गळाले नाहीत

मक्याचं कणीस भरणार की नाही, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. कणीस तोडायचं, पानं हलक्या हाताने सोलायची आणि टोक खाली करून झटकायचं. प्रत्येक केसाच्या बुडाशी एक दाणा असतो. पराग पोचून दाणा धरला की केस आपोआप सुटून पडतो, नाहीतर चिकटून राहतो.

त्या दिवशी पीक पाहणीत मी एका मावशींच्या शेतातली आठ कणसं झटकली. सातांचे केस जागचे हलले नाहीत. आठव्याचे बुडाकडचे थोडे गळले.

बांधावरून बघाल तर शेत दृष्ट लागावी असं हिरवंगार. आमच्या फॉर्मवर हंगामाचा पाऊसही सरासरीइतका होता, आणि ते खोटं नव्हतं. फक्त मधले अठरा दिवस कोरडे गेले, नेमके तुरा येतानाचे. पावसात खंड पूर्वीही पडायचा, आता त्या खंडातलं ऊनच वेगळं. पाण्याचा ताण पडला की केस उशिरा बाहेर येतात. तुऱ्यातून पराग झडतात जेमतेम आठवडाभर, तेही उन्हाने वाळून जातात. दोघांची चुकामूक झाली. मागून आलेल्या पावसाने पानं तरारली, एवढंच. तापमान 1 अंशाने वाढलं की जगाचं मक्याचं उत्पादन सरासरी 7 टक्क्यांच्या आसपास घटतं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मावशींच्या शेतात सरासरी कुठेच दिसत नव्हती.

दुसरा फॉर्म अन्नाचा. गेल्या 7 दिवसांत किती दिवस ताटात कमी वाढलं? किती दिवस मुलांना पुरावं म्हणून मोठ्यांनी पोट मारलं? मावशी म्हणत गेल्या, "नाही. एकदाही नाही." कणगीत मागचं धान्य होतं अजून. बेरीज शून्य. कागदावर घर सुखी.

मग त्यांनीच विचारलं, "ताई, मागच्या सात दिवसांचं काय विचारता? कणगीचा तळ लागेल दोन महिन्यांनी. तेव्हा या की."

"तेव्हा आमची फेरी नसते, मावशी."

शेऱ्याच्या दोन ओळींत मावेना म्हणून मी वेगळा कागद जोडला. (असे कागद वर कुणी वाचतं का, देव जाणे.) लिहीत होते तोवर मावशींनी आठवं कणीस उचललं. बुडाशी दाण्यांच्या तीन ओळी, फोडासारख्या पाणीदार. अंगठा त्यांवरून फिरवत त्या म्हणाल्या, "हे तोडलं नसतं, तर बियाण्याला झालं असतं."