सीमेपलीकडून येणारा आरसा

युरोपीय संघातल्या देशांच्या एकत्र बाजारपेठेमुळे उत्पादकता वाढते, असं युरोपात सतत ऐकू येतं. ती नेमकी कुठे वाढते हे बघायचं तर नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला लागून असलेल्या व्हेल्डहोव्हनला यावं. चिपवर सर्वांत बारीक नक्षी उमटवणारं ईयूव्ही (अतितीव्र अतिनील प्रकाशाचं) यंत्र इथे एएसएमएल ही डच कंपनी जुळवते. आरसे जर्मनीतल्या ओबरकोखेनहून, झाइस कंपनीचे. लेसर जर्मनीतल्याच डिट्झिंगेनच्या ट्रुम्फ कंपनीचा. प्रकाशस्रोताचं तंत्र मात्र अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं, त्यामुळे सगळं श्रेय युरोपच्या बाजारपेठेला देता येणार नाही.

यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सुटतात, सेकंदाला सुमारे ५०,०००. लेसरचा पहिला ठोका थेंब चपटा करतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) करतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हा प्रकाश काच शोषते, हवाही शोषते. म्हणून निर्वात पोकळी, आणि भिंगांऐवजी आरसे. एकेक आरसा जेमतेम ७० टक्के प्रकाश पुढे पाठवतो. दहा आरसे धरले तर शेवटी १०० पैकी ३ भागसुद्धा उरत नाहीत. तेच ७० चे ७१ झाले, तर वेफरवर, म्हणजे ज्यावर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, पोचणारा प्रकाश सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि तासाला जास्त वेफर निघू शकतात. उत्पादकता म्हणतात ती ही!

एका टक्क्यासाठी वर्षानुवर्षं झटणारं असं कसब एकट्या डच गिऱ्हाइकीवर पोसलं गेलं नसतं. १९९३ पासून अंतर्गत सीमांवरची मालाची तपासणी गेली. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ मध्ये उठले तसंच, फक्त देशादेशांमधलं. आमच्या मते त्याहून मोलाचं म्हणजे भांडवल मोकळं झालं. २०१६ मध्ये एएसएमएलने झाइसच्या सेमीकंडक्टर शाखेतला २४.९ टक्के हिस्सा १ अब्ज युरोंना घेण्याचं ठरवलं, ते पुढच्या पिढीच्या आरशांसाठीच.

युरोपीय संघाबाहेरून आलेल्या माणसांचं मात्र अजून अडतं. उच्चकुशल परदेशी कामगारांसाठीचा डच ‘केनिसमिग्रंट’ परवाना नेदरलँड्सपुरताच. जर्मनीत नोकरी धरायची तर तिथला परवाना नव्याने काढावा लागतो. तिशीच्या आतल्यांना डच परवान्याची पगाराची अट कमी, म्हणून तो सोपा पडतो. पण नोकरीचं पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी कंपनीला विचारा, ब्लू कार्ड, म्हणजे युरोपीय संघाचा उच्चकुशल कामगारांसाठीचा परवाना, काढाल का? त्यावर १२ महिन्यांनी दुसऱ्या सदस्य देशात नोकरीसाठी जाता येतं. तिथे पोचल्यापासून महिन्याभरात अर्ज करायचा. आयर्लंड आणि डेन्मार्क यात नाहीत. दीर्घकालीन निवासासाठी वेगवेगळ्या देशांतली मिळून ५ वर्षं धरतात, मात्र शेवटची २ अर्ज करता त्याच देशातली लागतात.