उपयोग काय?

"जपानला जायचंच नाहीये, मग जपानी शिकून उपयोग काय?"

आज पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, परदेशी भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटसमोर एक काका कॉलेजातल्या मुलीला विचारत होते. तिच्या हातात चौकटींची वही, एकच अक्षर ओळभर गिरवलेलं. ती म्हणाली, "काका, मजा येते हो! आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं त्यांच्यात."

तो 'उपयोग' दिवसभर डोक्यातून जाईना.

पंडिता रमाबाईंनी केडगावात राहून ग्रीक-हिब्रूचा अभ्यास केला. परदेशी स्थायिक व्हायला नव्हे, मूळ बायबल थेट मराठीत आणायला. आणि तो-ती-ते म्हणत वाढलेल्या आपल्याला जर्मनची तीन लिंगं परकी का वाटावीत?

घरात कुणी नवी भाषा शिकतो म्हणालं, तर लगेच नोकरीचं विचारू नका. दोन वाक्यं बोलून दाखव म्हणा.

तुम्ही कोणती शिकताय सध्या?