मदत मागण्याचा सराव

सोलापूरच्या पूर्व भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी समुपदेशक म्हणून काम करते. ज्या मुलामुलींच्या बाबतीत आत्महत्येचा धोका जाणवतो, अशा सहा ते आठ जणांचा छोटा गट करून निराशा, राग आणि ताण हाताळण्याची कौशल्ये आम्ही त्यांच्याकडून घटवून घेतो. या पद्धतीचा मूळ आराखडा अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात लिओना एगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. ‘कोपिंग अँड सपोर्ट ट्रेनिंग’, म्हणजेच ‘कास्ट’, या नावाने तो ओळखला जातो आणि त्यात सहा आठवड्यांत १२ सत्रे होतात. त्यात व्याख्यान फारसे नसते, आणि माझ्या मते तेच त्याचे बळ आहे.

गड्ड्याची यात्रा संपल्यानंतरचे ते सत्र मदत कशी मागावी याविषयी होते. अडचणीच्या वेळी ज्या मोठ्या माणसाकडे जाता येईल त्याचे नाव आणि त्याला म्हणायचे पहिले वाक्य प्रत्येकाने कागदावर लिहायचे होते. बारावी विज्ञान शाखेच्या एका मुलाने (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) ‘आई’ एवढेच लिहून त्याखाली पेन इतके दाबून फिरवले होते की कागद फाटला होता. “नाव लिहिता येतं मॅडम, पण जाऊन म्हणायचं काय?” असे त्याने विचारले. मी उत्तर देण्याआधीच, एरवी गप्प असणारी एक मुलगी म्हणाली, “काय म्हणायचं ते कळत नाही, असंच म्हण की आधी.”

त्याने प्रयत्न केला, पण पहिल्या खेपेला तो गुण आणि क्लासच्या फीविषयीच बोलत राहिला. यातून आईला काय कळेल, असे गटाने विचारले. घरी तेलुगू बोलतात हे ठाऊक असल्याने मी त्याला तेलुगूत बोलायला सांगितले, आणि थोडे थांबून तो जे बोलला ते शेजारच्या मुलाने मला मराठीत सांगितले: “मला एकटं राहायची भीती वाटते, तू रात्री माझ्याजवळ बस.”

सत्र संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि जीव द्यावा असे मनात येते का, हे सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत पालकांत आणि शिक्षकांतही घट्ट रुजलेली आहे, परंतु ती खरी नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून मुले मोकळी होतात, हे मी वारंवार पाहिले आहे. तो हो म्हणाला. जिवाला धोका असेल तर गोष्ट गुप्त राहणार नाही, हे पहिल्याच सत्रात सांगितलेले असल्यामुळे आईला बोलावण्याला त्याने विरोध केला नाही, आणि ती येईपर्यंत मी त्याच्याजवळून हलले नाही.

आई विड्या वळण्याचे काम तसेच टाकून आली होती; बोटांना तंबाखूची भुकटी चिकटलेली होती. मुलाने सरावातले तेच वाक्य तिच्यासमोर उच्चारले. तिने कारण विचारले नाही की त्याला समजावले नाही. “डॉक्टरांकडे आत्ताच जायचं का?” एवढेच तिने मला विचारले. त्याच संध्याकाळी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. घरातील धोक्याच्या वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवायच्या, रात्री त्याला एकटे सोडायचे नाही, हे ठरले, आणि २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालणाऱ्या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही मोबाईलमध्ये जतन केला.

उपचार चालू असतानाच तो गटात परतला. काय सांगायचे आणि काय नाही, हे त्याचे त्याने ठरवले. आता प्रत्येक गटात हा सराव मी घरच्या भाषेतच घेते, मग ती तेलुगू असो, कन्नड असो की उर्दू. मला न समजणारे वाक्य गटातलाच कोणीतरी ऐकतो आणि मला मराठीत सांगतो.