कोरडा हिवाळा, बंद डबा आणि सिगार

इकडे परदेशात थंडी सुरू झाली की घराघरात हीटिंग चालू होतं आणि थोड्याच दिवसांत ओठ फुटतात, हात खरखरीत होतात, लाकडी फर्निचर रात्री कडकड वाजायला लागतं. बाहेर बर्फ, धुकं, सगळं ओलं, मग घरातच एवढं कोरडं कसं? तर शून्य डिग्रीच्या हवेत आर्द्रता अगदी १०० टक्के असली तरी एका घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम पाणी असतं, आणि तीच हवा घरात येऊन २१ डिग्रीला तापली की तिच्यात १८ ग्रॅम मावू शकतं पण पाणी आहे तेवढंच, म्हणून आर्द्रता थेट २५-२६ टक्क्यांवर येते. सिगारला लागते ६५ ते ७० टक्के. उघड्यावर ठेवलेली चांगली सिगार अशा घरात काही दिवसांतच कडक होते, आणि इकडे राहून मला सिगार सांभाळायची जी आवड लागली ती या हवेमुळेच.

मायदेशातून खूप जण विचारतात की कोणीतरी भेट म्हणून सिगारचा बॉक्स आणलाय, आता ठेवू कुठे, फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का. फ्रिजमध्ये नको! फ्रिजची हवा कोरडी असते आणि तंबाखू आजूबाजूचे सगळे वास पटकन धरतो. शोकेसमध्येही नको, उन्हाने पानाचा रंग उडतो.

हाताने गुंडाळलेली सिगार म्हणजे सगळी पानंच असतात. आत फिलर, म्हणजे भरलेली पानं, त्यावर बाइंडर, म्हणजे ती बांधून धरणारं पान, आणि सगळ्यात बाहेर रॅपर, ते एकच पातळ तुकतुकीत पान, नीट बघितलं तर त्यावरच्या बारीक शिरासुद्धा दिसतात. अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबा. थोडी दबून परत वर आली तर तब्येत उत्तम, करकर आवाज आला तर सुकलीय, मऊ पडून दबलेलीच राहिली तर पाणी जास्त झालंय. सुकलेली सिगार भरभर आणि गरम जळते, चव कडवट होते. आणि पाणी परत देता येतं पण पानातली सुगंधी तेलं एकदा उडाली की परत येत नाहीत. ते पाणीसुद्धा घाईने द्यायचं नाही, कारण आतलं फिलर फुगतं आणि वरचं पातळ रॅपर ताण न सोसून उभं फाटतं. म्हणून आधी ६२ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासोबत (या पाकिटांबद्दल पुढे सांगते) दोनतीन आठवडे, मग ६५, असं चढत जायचं. उलट ७५ च्या वर गेलात की सिगार सारखी विझते, झुरका ओढताना अडकते आणि बुरशी धरायची भीती असते.

आता पेटी. ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठराविक आर्द्रतेत ठेवायची पेटी, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर चकचकीत लाकडी पेटी येते. आत बहुतेक वेळा स्पॅनिश सीडर नावाचं लाकूड असतं, जे खरं तर स्पेनचं नाही आणि सीडरही नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे, सेड्रेला ओडोराटा, महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. हे लाकूड ओलावा शोषतं आणि गरजेला परत सोडतं, वासही तंबाखूला शोभणारा. पण नवी पेटी आणून लगेच सिगार भरल्या तर कोरडं लाकूड आधी सिगारमधलंच पाणी ओढतं, म्हणून पेटी रिकामी असतानाच ८४ टक्क्यांची पाकिटं आत ठेवून दोन आठवडे बंद ठेवायची. ओल्या फडक्याने पुसायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी देतात, मला तो पटत नाही, लाकूड वाकलं की झाकण नीट बसत नाही आणि मग काहीच उपयोग नाही.

माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा ठेवताय ना, तर लाकडी पेटी घेऊच नका. रबराची रिंग असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, धुवून पूर्ण वास जाईपर्यंत उघडा ठेवा आणि आत बोवेडासारखी दुहेरी काम करणारी पाकिटं टाका. त्या पाकिटात मिठाचं दाट द्रावण असतं आणि कागद असा की वाफ आरपार जाते पण पाणी गळत नाही. हवा कोरडी झाली की पाकीट ओलावा सोडतं, दमट झाली की शोषून घेतं, पाकिटावरचा आकडा आपोआप टिकतो. पाकीट हाताला कडक लागलं की बदलायचं. जुन्या पद्धतीचा स्पंज वापरत असाल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाच्या पाण्यातले क्षार साचतात.

आणि हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर, डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वस्तातले तर सर्रास चुकीचे आकडे दाखवतात. घरच्या घरी तपासता येतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, वर पाणी साठलं नाही पाहिजे, मग ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस हलवायचं नाही. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ७१ दाखवतोय तर तो ४ ने कमी सांगतो, चिठ्ठी चिकटवून टाका.

उष्ण हवेत राहणाऱ्यांना खरा धोका कोरडेपणाचा नाही, किड्याचा. तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोनतीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. अंडी पानात असतात आणि दिसत नाहीत, हवा २४ डिग्रीच्या वर राहिली की अळ्या बाहेर येऊन आतून पोखरतात, रॅपरवर सुईने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली की समजायचं. अशी एक सिगार सापडली तर सगळा डबा संशयित. उपाय डीप फ्रीझर, हवा काढून दुहेरी पिशवीत बंद करून उणे १८ किंवा त्याहून थंडीत किमान तीन दिवस, मग पिशवी न उघडता एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर, एकदम गरमीत आणलं तर रॅपर तडकतं. फ्रिज इथे फक्त या एका दिवसापुरता. गरम ठिकाणी नवा बॉक्स आला की आधीच हे करून टाकावं असं मला वाटतं, आणि पाकीट ६५ चंच ठेवावं.

सिगारवर पांढरी पावडर दिसली तर कोणी सांगतील की हे तेलाचे स्फटिक आहेत, उत्तम जुन्या सिगारची खूण. मी ती बुरशीच समजते. फक्त रॅपरवर असेल तर कोरड्या कपड्याने पुसून त्या वेगळ्या ठेवा, पेटवायच्या टोकाला आत शिरली असेल किंवा हिरवट निळी असेल तर फेकून द्या. सिगारवरचं पारदर्शक सेलोफेन काढायची गरज नाही, त्यातून ओलावा येतो जातो आणि रॅपर हाताळताना वाचतं. फ्लेवरवाल्या सिगार मात्र वेगळ्या डब्यात, नाहीतर महिन्याभरात सगळ्यांना व्हॅनिलाचा वास.

यंदा सुट्टीत मायदेशी जाताना जे सिगार घेऊन जाणार आहेत त्यांनी विमानातही लहान घट्ट डब्यात एक पाकीट घालून हातातल्या बॅगेतच ठेवा, कस्टमची मर्यादा आधी बघा, आणि ज्यांना द्याल त्यांना सोबत दोन जादा पाकिटं द्या.